नजरेने चालणारी खुर्ची आणि गावाची वाट

झाडावरून पडून अथवा वाहनाच्या अपघातात मानेच्या मणक्याला जबर इजा झाली, तर दोन्ही हात व दोन्ही पाय निकामी होऊ शकतात. अशा व्यक्तीला हाताने फिरवावयाची चाकांची खुर्ची निरुपयोगी ठरते. बॅटरीवरील खुर्चीची कळ हलविण्याइतके बळही बोटांत नसते. डोळ्यांची हालचाल मात्र बहुधा शाबूत राहते. कारण डोळे फिरविणारे मज्जातंतू मेंदूच्या बुंध्यातून निघतात. ते मानेतील मज्जारज्जूतून जात नाहीत. नेत्रनियंत्रित खुर्ची याच सत्यावर आधारलेली आहे.

या खुर्चीत डोळ्यांसमोर लहान कॅमेरा बसविलेला असतो. न दिसणारे अवरक्त किरण डोळ्यांवर सोडतात. त्यांचे डोळ्यात चमकणारे प्रतिबिंब आणि बाहुलीचा मध्य यांवरून संगणक नजरेची दिशा ओळखतो व मोटारींना तशी आज्ञा देतो. मात्र, मनुष्य जेथे पाहतो तेथे त्याला जावयाचेच असते, असे नाही. वाटेवरील म्हशीकडे सहज नजर गेली म्हणून खुर्ची तिकडे वळता कामा नये. म्हणून पडद्यावरील ठरावीक खुणेवर नजर काही क्षण स्थिर झाली, तरच आज्ञा मानण्याची योजना करतात. प्रखर उन्हातील अवरक्त किरणांमुळे कॅमेऱ्याची फसगत होऊ शकते. खानदेशच्या उन्हाळ्यात ही मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

सातपुडा व तापी यांच्या दरम्यान वसलेल्या चोपडा तालुक्यातील एखाद्या गावी अशी खुर्ची आली, तरी शाळेच्या तीन पायऱ्या तिला अडवतील. उतरंडीचे प्रमाण एकास बारा असावे, असा संकेत आहे; म्हणजे १ फूट उंचीच्या ओट्यासाठी १२ फूट लांबीचा उतार हवा. हे काम गावचा गवंडीही करू शकतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सार्वजनिक इमारती सुगम करणे हे कर्तव्य ठरले आहे. राज्यात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांनी गावातील अशा व्यक्तींची नोंद घेऊन, त्यांची गरज त्यांच्याच तोंडून जाणून घेऊन हा निधी योजावा. यंत्र यावयाचे तेव्हा येईल. वाट मात्र आजच मोकळी करता येईल.