मोत्यापुढे टाकलेली ती कलेजी

आमची वस्ती न्हावऱ्याजवळ, शिरूर-चौफुला रस्त्याच्या कडेला. सुगी उरकली की धनगरांचा वाडा आमच्या रानात उतरतो. चार रात्री मेंढरं बसली की रानाला खत मिळतं आणि आम्ही त्यांना धान्य देतो. यात्रेला त्यांच्याकडूनच मेंढरू घ्यायचं आणि दारातच कापायचं. कलेजीवर पाण्यानं टम्म भरलेला फुगा दिसला, तर सासरे तेवढा तुकडा बाजूला काढत आणि मी तो आमच्या मोत्या कुत्र्यापुढे टाकत असे. कितीतरी वर्षं मी हे केलं.

तसलाच फुगा पुढं माझ्या लिव्हरमध्ये निघाला.

उजव्या बरगडीखाली जडपणा वाटायचा, जेवण थोडक्यात भरायचं. दोन वर्षं मी पित्ताच्या गोळ्यांवर काढली. शेवटी शिरूरला सोनोग्राफी केली, तेव्हा ९ सेंटिमीटरची गाठ दिसली आणि आत आणखी लहान लहान गाठी. रिपोर्टवर लिहिलं होतं, हायडॅटिड सिस्ट. घरात सगळ्यांनी कॅन्सर धरला आणि सासूबाईंनी माझं मटण बंद केलं. दोन्ही चुकीचं होतं.

हा कॅन्सर नाही, जंताची गाठ आहे. मेंढराच्या कलेजीतला किंवा फुफ्फुसातला फुगा कुत्र्यानं कच्चा खाल्ला की कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे जंत वाढतात. कुत्रं ठणठणीत दिसतं. पण त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात आणि ती मातीत, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर राहतात. तिथून हाताला लागून आपल्या तोंडात जातात. म्हणजे मला आजार मटणातून झालाच नव्हता. जंत बहुतेक वेळा लिव्हरमध्ये घर करतो, त्याखालोखाल फुफ्फुसात. गाठ इतकी सावकाश वाढते की लहानपणी पोटात गेलेलं अंडं चाळिशीत त्रास देऊ शकतं.

आता माझी चूक सांगते. दौंडकडच्या एका दवाखान्यात मला सांगितलं, "साधं पाणी आहे, सुईनं काढून टाकू, संध्याकाळी घरी जाल." ऑपरेशन टळणार म्हणून मी लगेच तयार झाले. रिपोर्ट वाचून माझ्या भाच्यानं मला अडवलं आणि दौंडहून सकाळची गाडी धरून पुण्याला नेलं. तिथल्या सर्जननी समजावलं, "ताई, हे पाणी पोटात सांडलं तर अंगावर जोराची रिॲक्शन येते, रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जातो. आणि त्यातले जंताचे कण जिथे पडतील तिथे नवी गाठ धरतात." सुईचा उपचार खराच आहे, पण तो ठरावीक प्रकारच्या गाठींसाठी, आधी औषध देऊन, आत जंत मारणारं द्रव सोडून आणि रिॲक्शन आवरायची तयारी ठेवून करतात. माझ्या गाठीत त्या लहान गाठी, म्हणजे तिची पिल्लं भरलेली, म्हणून माझ्यासाठी ऑपरेशनच योग्य होतं.

आधी अल्बेंडाझोलच्या गोळ्या, त्याही तुपातेलाच्या जेवणासोबत, कारण त्यानं औषध अंगी लागतं. मळमळायला लागलं म्हणून मी आठवड्यात त्या परस्पर बंद केल्या. त्यामुळे ऑपरेशनची तारीख पुढं गेली. ऑपरेशनच्या वेळी गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी लावतात, म्हणजे थेंब सांडलाच तर फडक्यातच अडतो. मग पाणी ओढून घेतात, आतलं पांढरं आवरण काढतात. भाच्याला ते दाखवलं, तेव्हा त्याला शहाळ्यातल्या मलईसारखं वाटलं, आणि पिल्लं द्राक्षाच्या मण्यांसारखी. रिकामी जागा पोटातल्याच चरबीच्या पडद्यानं भरली. माझी गाठ पित्ताच्या नळीत फुटलेली होती, म्हणून पित्त झिरपत राहिलं. बाजूची नळी आणि पिशवी घेऊन मी तीन आठवडे वावरले. पित्तनलिकेत तोंडावाटे स्टेंट घातल्यावर ते थांबलं. असं होऊ शकतं हे मला आधी माहीत असतं, तर रात्री रडत बसले नसते, म्हणून मुद्दाम लिहिते.

प्रत्येक गाठीला ऑपरेशन लागत नाही. लहान गाठ कधी नुसत्या गोळ्यांनी जाते, मेलेल्या, चुना धरलेल्या गाठीवर फक्त लक्ष ठेवतात. ते सोनोग्राफीवरून ठरतं. पण गोळ्या चालू असताना रक्त तपासून घ्या, कारण लिव्हरवर आणि पांढऱ्या पेशींवर परिणाम होऊ शकतो. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि बरं वाटलं तरी दरवर्षी सोनोग्राफी चुकवू नका, गाठ परत येऊ शकते. खर्चाची काळजी असेल, तर मोठ्या रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

हा आजार हटवताही येतो. एके काळी आइसलँडमध्ये या आजारानं घरंच्या घरं त्रासली होती. १८६३ मध्ये हाराल्ड क्राबे नावाचे डॅनिश वैद्य तिथं अभ्यासाला गेले. मग लोकांना साध्या भाषेतली पुस्तिका दिली, कुत्र्यांना औषध देण्याचे नियम झाले, आतडी-कलेजी कुत्र्यापासून दूर ठेवली गेली. तिथून हा आजार हटला. आपल्याकडे मेंढरं आहेत, कुत्री आहेत, जनावरांचे दवाखानेही आहेत. मोत्याला आता दीड महिन्याला जंताची गोळी देतो आणि त्याची विष्ठा पुरतो. मुलं त्याला कुरवाळून आली की साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरी नाही. मेथी-कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली धुते.

यंदाच्या यात्रेला मेंढरू कापणार असाल, तर कमरेएवढा खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवा आणि फुगे आलेली कलेजी त्यात टाकून वर दगड ठेवा.