टोळ नियंत्रणाची गाडी : डिझेल की पेट्रोल?

वाळवंटी टोळांचा थवा सूर्यास्ताच्या सुमारास झाडाझुडपांवर उतरतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापू लागले की पुन्हा उडतो. फवारणीला मिळणारा अवधी तेवढाच. त्यातही खरे उपयोगाचे पहाटेपासूनचे दोन-तीन तास. वाऱ्याची साथ मिळाल्यास थवा एका दिवसात दीडशे किलोमीटरपर्यंत मजल मारतो. त्यामुळे पहाटे निसटलेला थवा संध्याकाळी भलत्याच जिल्ह्याच्या शेतात सापडतो. नियंत्रण पथकाची गाडी रात्रीतून वाळू तुडवत मुक्कामाच्या जागी पोहोचते की नाही, हा प्रश्न म्हणूनच कीटकनाशकाच्या निवडीइतका महत्त्वाचा आहे. कीटकनाशकाच्या मात्रेची चर्चा मात्र भरपूर होते आणि गाडीच्या इंजिनाची निवड बहुधा सवयीवर सोडली जाते.

भारतात हे काम लोकस्ट वॉर्निंग ऑर्गनायझेशन ही केंद्रीय संघटना पाहते. तिची स्थापना १९३९ सालची असून क्षेत्रीय मुख्यालय जोधपूर येथे आहे. राजस्थान व गुजरातमधील दोन लाख चौरस किलोमीटरहून अधिक वाळवंटी प्रदेश तिच्या देखरेखीखाली येतो. २०२० च्या मे महिन्यात थवे मध्य प्रदेश ओलांडून अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांपर्यंत आले, तेव्हा या कामाची ओळख विदर्भातील संत्राबागायतदारांनाही झाली. फवारणीसाठी पिकअपच्या हौद्यात अतिसूक्ष्म आकारमानाचा फवारा बसवतात. त्याची फिरती चकती गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालू शकते. मॅलॅथिऑन ९६ टक्के हे द्रव पाणी न मिसळता वापरले जात असल्याने हौद्यातील सगळे वजन प्रत्यक्ष औषधाचे असते. अशा गाडीच्या दिनक्रमात तीन अगदी वेगळी कामे येतात : डांबरी रस्त्यावरून वेगाने धाव, ओझे घेऊन वाळूतून चढउतार, आणि ताशी सहा ते दहा किलोमीटर वेगाने तासन् तास फवारणी. इंजिनाचे गुणदोष या तिन्ही कामांवर तपासावे लागतात, आणि तिसरे काम बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

दोन्ही इंजिनांतील मूळ फरक इंधन पेटण्याच्या रीतीत आहे. पेट्रोल इंजिनात हवा व इंधनाचे मिश्रण साधारण नऊ ते बारा पट दाबले जाते आणि ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात हवा चौदा ते वीस पट दाबून इतकी तापवतात, की आत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. त्यामुळे डिझेलची कार्यक्षमता अधिक असते. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा सुमारे दहा-बारा टक्के जास्त असते. पंप शंभर किलोमीटर दूर असलेल्या जैसलमेरच्या सीमाभागात या दोन गोष्टींचा अर्थ एकच : त्याच टाकीत गाडी अधिक लांब जाते.

वाळूत चाकाला कमी फेऱ्यांवर फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, लागतो. तो डिझेल इंजिनच देते असा जुना समज आहे आणि टर्बोचार्जर नसलेल्या पेट्रोल इंजिनांच्या काळात तो रास्तही होता. आता तो तेवढा खरा राहिलेला नाही. २०२० मध्ये आलेल्या महिंद्र थारची दोन्ही इंजिने या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन मॅन्युअल गिअरसह ३०० न्यूटन-मीटर टॉर्क १२५० फेऱ्यांपासून देते, २.२ लिटरचे डिझेल इंजिन तेवढाच टॉर्क १६०० फेऱ्यांपासून. निव्वळ जोराच्या हिशेबात पेट्रोल मागे नाही. त्यापूर्वीची मारुती जिप्सी तर छोट्या पेट्रोल इंजिनावर वर्षानुवर्षे वाळूत चालली. तिचे बळ इंजिनात नसून जेमतेम एक टनाच्या वजनात होते. (टायरमधील हवा वेळीच कमी करणारा चालक कोणत्याही इंजिनापेक्षा मोलाचा, हेही इथेच नोंदवावे.) हौद्यात सहाशे-सातशे किलो ओझे असताना मात्र हलकेपणाचा हा लाभ संपतो आणि पेट्रोलचा खप झपाट्याने वाढतो.

डिझेलची खरी अडचण तिसऱ्या कामात आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी, अर्थात डीपीएफ, आली. साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते. त्यासाठी गाळणीचे तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते. महामार्गावर हे चालकाच्या नकळत पार पडते. ताशी आठ किलोमीटरने फवारणी करणाऱ्या गाडीचा धूर मात्र पुरेसा तापतच नाही. काजळी साठत जाते, इंजिन जादा डिझेल फवारून ती जाळण्याचा प्रयत्न करते, आणि तेवढ्यात फेरी संपून चालक इंजिन बंद करतो. असे वारंवार झाले की न जळालेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते, त्याची पातळी वाढलेली दिसते. अखेरीस इंजिन स्वतःची ताकद मर्यादित करते, आणि हे घडते ते गाडी सर्वाधिक वापरात असताना, म्हणजे ऐन टोळधाडीत. उपाय अवघड नाही, पण तो कामाच्या वेळापत्रकातच बसवावा लागतो : फवारणीच्या दर एक-दोन दिवसांनी गाडी वीस-पंचवीस मिनिटे पक्क्या रस्त्यावर ताशी पन्नास-साठच्या वेगाने सलग चालवणे. गाळणी जळत असताना गाडी सेवण गवताच्या वाळलेल्या झुंबाड्यांवर उभी करू नये. पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तापतोच, तेव्हा ही काळजी दोघांनाही लागू आहे.

काही डिझेल गाड्यांना याखेरीज युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, लागते. त्यात अतिशुद्ध युरियाचे प्रमाण ३२.५ टक्के असते. कृषी संस्थेच्या गोदामात युरियाची पोती हाताशी असतात म्हणून मुद्दाम सांगायला हवे, की शेतीचा नीमलेपित युरिया विरघळवून या टाकीत ओतल्यास संपूर्ण उत्प्रेरक यंत्रणा निकामी होऊ शकते.

इंधन सोबत नेण्याच्या बाबतीत डिझेलचे पारडे निःसंशय जड आहे. पेट्रोलियम अधिनियम १९३४ नुसार पेट्रोल अ वर्गात मोडते. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल विनापरवाना जास्तीत जास्त ३० लिटर बाळगता येते. ब वर्गातील डिझेलसाठी ही मर्यादा २५०० लिटर आहे, फक्त एका पात्रात १००० लिटरहून अधिक नको. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, कीटकनाशकाच्या पिंपांशेजारी पेट्रोलचे कॅन ठेवणे कायद्याने चालले तरी शहाणपणाचे नव्हे. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असल्याने गाडीचा पल्ला थोडा घटतो. साठवणीत पाणी शिरले तर इथेनॉल त्या पाण्यासह तळाशी वेगळे होते.

पाण्याचा उपद्रव डिझेललाही आहे. पिंपाच्या तळाशी पाण्याचा थर राहिला, की पाणी व डिझेल यांच्या सीमेवर हायड्रोकार्बनवर जगणारी बुरशी वाढते. अमॉर्फोथेका रेझिनी ही त्यांतील सर्वपरिचित जाती. फिल्टरमध्ये काळपट, चिकट साय दिसली तर तो गाळ नसून वसाहत आहे, असे समजावे. आजच्या कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब दोन हजार बारच्या घरात असतो. तिथे पाण्याचे थेंबही इंजेक्टर खराब करतात.

वाळवंटाबाहेर निकष बदलतात. लडाखमध्ये साध्या डिझेलमधील मेण थंडीत गोठते. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणल्यापासून ही अडचण बरीच कमी झाली. दिल्ली राजधानी क्षेत्रातील संस्थांपुढे वेगळा प्रश्न आहे. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील निर्बंध तेथे न्यायालयांत वारंवार विचारार्थ आले आहेत. खरेदीच्या वेळची स्थिती तपासूनच निर्णय घ्यावा. वर्षातून जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर, तेही प्रक्षेत्रातच फिरणाऱ्या गाडीसाठी डिझेल घेणे म्हणजे डीपीएफचे दुखणे विकत घेणे होय.

बाजाराचीही एक मर्यादा आहे. भारतात मिळणारे चारचाकी-चालनाचे पिकअप जवळजवळ सगळे डिझेलच आहेत. व्यवहारातील निवड त्यामुळे डिझेल पिकअप आणि पेट्रोलवरील हलकी जीप यांच्यात होते, आणि ती कामाच्या वाटणीनेच सुटते. दोघा-तिघांनी दुर्बीण, जाळी आणि नोंदवह्या घेऊन पिल्लांचे तांडे शोधत हिंडायचे असेल तर पेट्रोल जीप सरस ठरते : ती हलकी, गाळणीच्या कटकटीविना संथ चालणारी. फवारा आणि औषध वाहायचे असेल तर डिझेल पिकअपला पर्याय नाही. निविदेच्या तपशिलात मात्र काही कलमे आवर्जून असावीत : उभ्या गाडीत काजळी जाळण्याची सोय, पाणी वेगळे करणारा दुहेरी इंधन फिल्टर, उंचावरून हवा घेणारी नळी, जादा एअर फिल्टर, आणि डीपीएफची स्थिती वाचणारे निदानयंत्र पथकाकडेच ठेवण्याची अट.