आल्प्सला निघालीस? थोडं ऐकून जा

चिमे, जावईबापूंना घेऊन जानेवारीत स्वित्झर्लंडला स्कीइंग शिकायला चाललीस म्हणे. झुरिकला आम्ही अकरा वर्षं काढली. त्यातली पहिली चार मी खिडकीतून बर्फ बघत गरम चॉकलेट पिण्यात घालवली आणि बेचाळिसाव्या वर्षी उतारावर उभी राहिले. उभी म्हणजे, पडेपर्यंत. तेव्हा खालचं सगळं पुस्तकातलं नाही, माझ्या ढोपरांवरून उतरवून घेतलेलं आहे.

१. नावाजलेला डोंगर शोधू नकोस, बिगरीचा उतार शोध — पहिला आठवडा दोन-चार शेतांएवढ्या जागेतच जातो. वेंगेनला हा उतार गावाच्या मधोमध आहे, गावात मोटारी नाहीत, आणि लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची आगगाडी थेट वर नेते. समोर युंगफ्राऊ दिसते. पडल्या पडल्या बघायला फार छान.

२. तारखा ६ जानेवारीनंतरच्या धर — नाताळचे दर उतरलेले असतात आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या लागायच्या असतात. वेंगेनला जाणार असशील तर महिन्याच्या मधला लाउबरहॉर्न शर्यतीचा आठवडा मात्र टाळ. १९३० पासूनची ती जत्रा आहे, खोली मिळाली तरी झोप मिळणार नाही.

३. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो दिवाळीच्या फराळाआधीच उरकून टाक — नंतर अपॉइंटमेंट मिळवण्यात चकल्या जळतात.

४. विम्याच्या कागदात ‘हिवाळी खेळ’ आणि ‘डोंगरावरून सुटका’ हे शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाच — व्हिसाला तीस हजार युरोंचा विमा चालतो, पण स्कीवर मोडलेला पाय त्यात बसेलच असं नाही. हेलिकॉप्टर काही रिक्षाच्या मीटरने येत नाही.

५. आजपासून जिने चढ, आणि रोज भिंतीला पाठ टेकून हवेतल्या खुर्चीवर बस — स्की पायांनी कमी आणि मांड्यांनी जास्त चालते. पहिल्या दिवशी तीस सेकंदांत थरथरशील. जावईबापू वीस सेकंदांत.

६. कपडे थरांचे घाल: आत लोकरीचा पातळ थर, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट — सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि जीन्स भिजली की पत्र्यासारखी होते. वाटेत इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे, त्यांना नमस्कार जरूर कर. त्यांच्या नायिकांचं ऐकू नकोस.

७. विकत फक्त मोजे आणि हातमोजे घे, बाकी स्की, बूट, काठ्या, हेल्मेट सगळं भाड्याने — आवड लागेल की नाही हे आठवडा संपल्याशिवाय कळत नाही. आमच्या माळ्यावर एक जोडी अजून आहे, तिच्यावर कुरडया वाळत घालतो.

८. आता बूट. इथे जरा थांब, कारण निम्मी सहल बुटातच असते. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकायला हवा, गुडघे वाकवले की सुटायला हवा, आणि टाच उचलली जाता कामा नये. मोजा एकच, आणि आतल्या पँटची घडी बुटात नको — तेवढीशी घडी दुपारपर्यंत नडगीवर वळ उठवते. मी थंडीच्या धास्तीने दोन मोजे घातले आणि ते मावावेत म्हणून एक माप मोठा बूट घेतला. पाय आत पोहत राहिला, दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली आणि स्की माझं एक ऐकेना. सैल बूट, वळणाशी फूट! दुकानात दहा मिनिटं घालून फिर, आणि दुखला तर दुसऱ्या दिवशी बिनदिक्कत बदलून आण.

९. दुकानदाराला वजन खरं सांग — पडल्यावर बुटातून स्की किती जोराने सुटावी हे तो त्यावरूनही ठरवतो. मी सात किलो चोरले होते. वळताना स्की एकीकडे आणि मी दुसरीकडे.

१०. सामूहिक वर्गात नाव घाल, आणि सलग पाच दिवस जा — बऱ्याच शाळांचे वर्ग रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, म्हणून शनिवारी पोचलेलं बरं. नवऱ्याकडून शिकू नकोस, त्याने कितीही व्हिडिओ पाहिलेले असोत. संसार टिकवायचाय तुला.

११. अख्ख्या डोंगराचा सहा दिवसांचा पास पहिल्याच दिवशी काढू नकोस — बिगरीच्या उताराचं तिकीट बऱ्याच ठिकाणी वेगळं आणि स्वस्त असतं. भूक एका पोळीची, पंगत कशाला मांडायची?

१२. मास्तर पोरांना ‘पिझ्झा कर’ म्हणतील, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब. तुला सामोशाचा कोपरा आठवला तरी चालेल — थांबायची ती एकच खरी युक्ती, आणि थांबता येतं त्यालाच पुढे जाण्याचा अधिकार.

१३. तोल गेला तर डोंगराच्या बाजूला कुशीवर पड, आणि उठण्याआधी दोन्ही स्की उताराला आडव्या करून आपल्या खालच्या अंगाला घे — नाहीतर उठता उठता निघून जाशील.

१४. टी-बार नावाची लिफ्ट मागून ढकलते, तिच्यावर बसू नकोस — तो झोपाळा नव्हे. मी बसले होते. मागे अकरा माणसं आणि एक कुत्रा ताटकळला.

१५. तिकडे निळा उतार सोपा, लाल मधला, काळा कठीण. हिरवा फ्रान्सकडे. पण निळा उतारही दुपारी तीनला लाल होतो — बर्फाचे ढीग झालेले असतात आणि पाय संपलेले असतात.

१६. खालच्याचा मान पहिला — पुढे जाणाऱ्याला पाठीला डोळे नसतात, सांभाळायचं वरून येणाऱ्याने. दम खायचा तर कडेला, वळणाच्या आड नाही.

१७. ढगाळ दिवशीही सनस्क्रीन लाव, नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखालीसुद्धा — ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, ऊन खालून लागतं.

१८. स्वयंपाकघर असलेली खोली घे, आणि शनिवारीच सामान भर — रविवारी दुकानं बहुतेक बंद. फोडणी मात्र खिडकी उघडून कर. आमच्या मोहरीने एकदा धुराचा भोंगा वाजवून मजलाभर पाहुणे मोज्यांवर बाहेर काढले होते.

१९. बाहेर खाताना विचारून घे — सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, फॉन्ड्यूत पांढरी वाइन असते. एल्प्लरमाग्रोनेन म्हणजे बटाटा, मॅकरोनी आणि चीज. सोबत सफरचंदाची चटणी. ‘बेकन नको’ एवढं सांग आणि दोन वेळा घे.

२०. तिसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी घे, घसरगाडीवर बस, गावात हिंड — अंग तेव्हाच सगळ्यात जास्त दुखतं आणि उगीचच धीट झालेलं असतं.

२१. ‘आता एक शेवटची’ असं तोंडातून आलं की तीच झाली म्हणून समज. शेवटची फेरी, हाडवैद्याच्या दारी. वरून गोंडोलाने खाली आलीस तर कुणी हसत नाही. फक्त तिची शेवटची वेळ सकाळीच बघून ठेव.

२२. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेव — थंडीने बॅटरी मान टाकते. त्यात १४१४ हा हवाई सुटकेचा आणि ११२ हा युरोपभरचा क्रमांक आधीच घालून ठेव.

आणि त्याच फोनवरून रोज मला एक हाक मार. तिकडे चारला लिफ्ट बंद होऊ लागतात, तेव्हा पुण्यात साडेआठ झालेले असतात. मी जेवून जागीच असते.