पहिला तुकडा मोडण्यासाठीच

सोनू, नवा थ्रीडी प्रिंटर आल्यापासून तू रात्री झोपत नाहीस, असं आई सांगत होती. चांगलं आहे. पण टूलरूममध्ये चाळीस वर्षं काढलेल्या मामाचं थोडं ऐकून घे.

पहिल्याच दिवशी अख्खा ब्रॅकेट छापायला बसू नकोस. चक हल यांनी 1983 साली प्रकाशाने राळ घट्ट करून पहिली वस्तू बनवली, ती एक छोटीशी वाटी होती. तूसुद्धा ज्या कोपऱ्याची शंका आहे, तेवढाच कापून छाप. वीस मिनिटांत उत्तर मिळतं, रात्र जात नाही.

आता महत्त्वाचं. छापलेला तुकडा जळणाच्या लाकडासारखा असतो. लाकूड रेषेत फाटतं, तसा हा थरांमध्ये उकलतो. म्हणून जोर कुठून येणार ते आधी बघ आणि मगच तो बेडवर कसा ठेवायचा ते ठरव. मालाच्या कागदावरचा ताकदीचा आकडा पुष्कळदा साच्यात ओतलेल्या नमुन्याचा असतो, तुझ्या थरांचा नव्हे. तेव्हा त्याच रिळातून, त्याच मशीनवर दोन पट्ट्या छाप, एक आडवी, एक उभी. दोन्ही शिकंज्यात धरून हातानेच मोड. उभी किती लवकर तुटते ते एकदा पाहिलंस की पुन्हा सांगावं लागणार नाही.

पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मी एकदा मोठ्या हौसेने मोबाइलचा स्टँड करून गाडीच्या डॅशबोर्डवर लावला होता. मे महिन्यातल्या एका दुपारी त्याने मान टाकली. तुझी मामी अजून हसते.

नायलॉनला पापडासारखं जप. पावसाळ्यात रीळ उघडं राहिलं की ओल धरतं, मग नोझलमध्ये पाण्याची वाफ होऊन तडतड आवाज येतो आणि तुकडा बुडबुड्यांचा निघतो. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि छापण्याआधी रीळ सुकवायचंच. कार्बन फायबरवाला माल घेणार असशील, तर पितळी नोझल काढून कडक पोलादाचं लाव, पितळ त्यात भराभर झिजतं. आणि नुसतं ‘कार्बन’ नाव ऐकून भुलू नकोस. त्यातले बारीक तुकडे ताठपणा देतात, पण थरांमधली जोडणी कच्चीच राहते.

भोक नेहमी जरा आवळूनच येतं. सहा मिलिमीटर हवं असेल, तर थोडं कमी छाप आणि ड्रिल मार. स्क्रू पुन्हापुन्हा काढायचा असेल, तर पितळी इन्सर्ट तापवून बसव.

राळेच्या मशीनला मात्र हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही आणि धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. यात चर्चा नको.

प्रत्येक तुकड्यावर मार्करने तारीख, माल आणि तापमान लिही. आणि रविवारी येताना परवा तुटलेला तो ब्रॅकेट घेऊन ये, कचऱ्यात टाकू नकोस. तो कुठून तुटलाय ते मला बघायचंय.