शाळा बघायची तर भरलेली बघा

पालकांनो, पोराचं नाव पहिलीत घालायची वेळ आली की सिन्नर, येवला, मनमाडसारख्या गावांत घरोघरी एकच चर्चा असते. नगरपालिकेची कुठली शाळा बरी, जिल्हा परिषदेची कुठली? चौकशी होते ती इमारतीची, रंगवलेल्या भिंतींची आणि ‘तिथे कोणाकोणाची पोरं जातात’ याची. माझं ऐकाल तर हे सगळं बाजूला ठेवा. मुख्याध्यापकांना विचारून, शाळा भरलेली असताना दुसरीच्या वर्गात जाऊन बसा.

मागच्या ओळीतल्या एखाद्या पोराला बालभारतीतला न शिकवलेला धडा वाचायला सांगा. शिकवलेला नको, तो पाठच असतो. शब्दाखाली बोट ठेवत, अडखळत का होईना, जोडाक्षर फोडून ते पुढे सरकलं, तर त्या वर्गात कुणीतरी जीव लावून शिकवतंय. मग त्याची वही बघा. ५२ मधून २७ वजा करताना चूक झाली असेल, तर बाईंनी नुसती लाल फुली मारलीय की शेजारी तेच गणित पुन्हा करून घेतलंय? दोन शाळांमधला खरा फरक मला वहीच्या त्या पानावर दिसतो. दिंडोरी-पिंपळगावकडे राहत असाल, तर द्राक्षाच्या कामाला पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुरांची पोरं वर्गात कुठे बसलीत, बाई त्यांना नावानं हाक मारतात का, हेही बघा.

शिक्षक किती, हे विचाराच. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. म्हणजे पन्नास पोरांच्या शाळेत दोघंच सगळे वर्ग सांभाळतात. एवढ्यावरून शाळेला नावं ठेवू नका. एका वर्गाला शिकवणं चालू असताना दुसरा वर्ग काय करतो, ते पाहा. आणि आपण पोरं काढून घेतली की पट घसरतो, शिक्षकाचं पद जातं, मागे राहिलेल्यांचे हाल होतात. ही गोष्ट मला फार लागते.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीची जिल्हा परिषदेची शाळा केशव गावित सरांनी नावारूपाला आणली. तिथली पोरं दोन्ही हातांनी लिहितात म्हणून लोक बघायला जातात. मला त्याहून मोठी वाटते ती वर्षाचे ३६५ दिवस उघडी राहणारी शाळा.

कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या जागा बायकांच्या आहेत. बऱ्याच ठिकाणी नावं कागदावरच राहतात. तेव्हा शाळा कुठलीही निवडा, पण जूनमध्ये पोराचं नाव घातलंत की पहिल्याच पालकसभेला आई-बाबा दोघंही जा आणि समितीत बसायची तयारी दाखवा.