जत्रेतली घोंगडी, प्रदर्शनातली घोंगडी

प्रश्न : आमच्याकडे आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत घोंगडीवाल्याशी लोक पन्नास-शंभर रुपयांसाठी घासाघीस करतात. तशीच घोंगडी मुंबईच्या प्रदर्शनात मात्र चांगल्या भावाने जाते म्हणे. मी हाताने रंगवलेली चित्रे आणि भेटकार्डे विकते. लोक कौतुक करतात आणि पुढे निघून जातात. बाजार बदलला की नेमके काय बदलते?
— एक वाचक, कवठे महांकाळ

उत्तर : माल तोच असतो. गिऱ्हाईक तो कशाशी ताडून पाहते, ते बदलते. यात्रेत घोंगडीच्या शेजारच्या पालात गिरणीतली चादर आणि ब्लँकेट असते. घेणाऱ्याला ऊब हवी असते आणि तो ऊबेचाच भाव करतो. घोंगडी कशी होते हे त्याला लहानपणापासून ठाऊक असल्याने त्या कष्टाचे त्याला नवल नसते.

शहरातल्या माणसाला यातले काहीच माहीत नसते, म्हणून त्याला ते दाखवता येते. माणदेशातल्या महिलांचा माणदेशी महोत्सव मुंबईत भरतो. प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिराच्या आवारात तो अनेक वर्षे भरला. तिथे कारागीर नुसता माल मांडून बसत नाहीत, हातातले कामही करून दाखवतात. दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, चरख्यावर सूत काढायचे, त्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि सनगर विणकराने ते मागावर विणायचे. काळा रंग मेंढीचाच, वरून दिलेला नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीची जावळाची लोकर मऊ, म्हणून ती घोंगडी महाग. एवढे समजल्यावर दोन घोंगड्यांच्या किमतींत फरक का, हे विचारण्याची वेळच येत नाही.

तुमच्या चित्रांनाही हेच लागू आहे. टेबलावर बसून मोबाईल पाहू नका, चित्र रंगवत राहा. अर्धे झालेले एक चित्र समोर ठेवा. कागद कोणता, रंग कोणते, वेळ किती लागला, हे दोन ओळींत मराठीत लिहून लावा. हाताचे काम नजरेसमोर असले की छापील कार्डाशी होणारी तुलना आपोआप मागे पडते.

प्रश्न : पण किंमत ठरवायची कशी? जास्त सांगितली की भीती वाटते.

उत्तर : या भीतीवर माणदेशातल्या म्हसवडच्या बायकांनी दिलेले उत्तर पाहा. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत त्यांनी महिलांची सहकारी बँक काढायचे ठरवले. प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब येत असला की समोरच्याची भीती वाटत नाही.

तुमचाही हिशेब मांडू. समजा, एका चित्राला सामान 150 रुपयांचे लागले. सहा तास गेले आणि तासाला 100 रुपये धरले, तर मजुरी 600. दोन दिवसांच्या स्टॉलचे भाडे आणि प्रवास मिळून 3,000 आणि विक्रीचा अंदाज 15 चित्रांचा, म्हणजे प्रत्येकावर 200. बेरीज 950. हे चित्र 500 ला दिलेत तर सामान आणि भाडे भरून निघेल, पण सहा तासांच्या कामाचे हातात 150 रुपयेच उरतील. कमी पैशांचे गिऱ्हाईक येणारच. त्याच्यासाठी तासाभरात होणारी छोटी कार्डे वेगळी ठेवा. मोठ्या चित्राचा भाव पाडू नका.

प्रश्न : एकदा घेऊन गेलेला माणूस परत येईल का?

उत्तर : यासाठी मिरजेला जाऊन या. शिकलगारांच्या घराण्यांत पूर्वी शस्त्रांना धार लावण्याचे काम चाले. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून ते हात तंतुवाद्यांकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण गायक-वादक मिरजेला पिढ्यानपिढ्या येत राहिले ते मानांकनाच्या आधीपासून. तंबोऱ्याच्या घोडीवरची जवारी झिजते, ती पुन्हा लावून घ्यावी लागते आणि ज्याने वाद्य बनवले तोच ती मनासारखी लावून देतो. विक्रीनंतरचे हे काम त्या धंद्याचा कणा आहे.

म्हणून चित्राच्या मागे तुमचे नाव, गाव, वर्ष आणि फोन नंबर लिहा. चौकट बदलायची असेल, रंग उडाला असेल, घराच्या भिंतीसाठी दुसऱ्या मापाचे हवे असेल, तर त्याने तुम्हालाच फोन करावा. आणि रात्री स्टॉल आवरताना वहीत दोन गोष्टी टिपा : काय विकले गेले आणि लोकांनी कोणते चित्र हातात घेऊन परत ठेवले. पुढच्या प्रदर्शनाला काय न्यायचे, ते दुसऱ्या यादीतून जास्त कळते.