स्वतःचे नाव

अमेरिकेच्या मिसूरी राज्यात डायमंड या खेड्याजवळ मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याचा मळा होता. त्या मळ्यावर १८६४ च्या सुमारास एका गुलाम स्त्रीच्या पोटी जॉर्जचा जन्म झाला. तो तान्हा असतानाच दरोडेखोरांनी मायलेकरांस पळवून नेले. मूल परत मिळाले. आईचा शोध मात्र कधीच लागला नाही. १८६५ मध्ये तेथील गुलामगिरी संपली, तेव्हा मोझेस व सुसान या गोऱ्या दांपत्याने जॉर्ज आणि त्याचा थोरला भाऊ जिम यांस आपल्या घरी वाढविले.

जॉर्जची प्रकृती नाजूक होती. शेतातील जड कामे त्यास झेपत नसत. म्हणून तो सुसानबाईंच्या हाताखाली स्वयंपाक, शिवण व धुणे शिकला. अक्षरओळखही त्यांनीच करून दिली. कोमेजलेली रोपे जगविण्यात त्याचा हातखंडा होता. परंतु गावच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांस मज्जाव होता.

विद्येच्या ओढीने तो एकटाच निओशो या गावी गेला. तेथे मराया वॉटकिन्स या कृष्णवर्णीय सुईणीने त्यास आसरा दिला. "तू कोण?" असे तिने विचारता तो म्हणाला, "कार्व्हरचा जॉर्ज." गुलामांची ओळख मालकाच्या नावाने देण्याची ती जुनी रीत होती. मरायामावशीने त्यास बजावले, की यापुढे 'जॉर्ज कार्व्हर' असेच सांगावे. आपण कोणाची मालमत्ता नसून एक स्वतंत्र माणूस आहोत, हा पहिला धडा त्यास शाळेच्या दाराबाहेरच मिळाला.

तो धडा टिकविणे सोपे नव्हते. १८७९ मध्ये फोर्ट स्कॉट येथे जमावाने एका कृष्णवर्णीयाचा जीव घेतलेला त्याने पाहिला. १८८५ मध्ये एका महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला. परंतु तो दारी येताच, त्याचा वर्ण पाहून त्यास परत पाठविले. जॉर्ज खचला, पण आपणच अपात्र आहोत असे त्याने मानले नाही. लोकांचे कपडे धुऊन तो शिकत राहिला आणि आयोवाच्या कृषी महाविद्यालयातून १८९४ मध्ये पदवी व १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी त्याने मिळविली.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या निमंत्रणावरून ते अलाबामातील टस्कीगी येथील संस्थेत गेले. प्रयोगशाळेसाठी पैसा नव्हता. विद्यार्थ्यांसह त्यांनी उकिरड्यावरील बाटल्या व भांडी वेचून उपकरणे बनविली. कपाशीच्या सततच्या पिकाने तेथील जमिनी निकस झाल्या होत्या. भुईमूग, चवळी यांसारखी पिके आलटून-पालटून घेतल्यास जमिनीस नत्र मिळते, हे त्यांनी गरीब शेतकऱ्यांस पटवून दिले. इतरांनी टाकाऊ ठरविलेल्या वस्तूचे मोल ओळखण्याची दृष्टी त्यांना स्वतःच्या आयुष्यानेच दिली होती.

५ जानेवारी १९४३ रोजी कार्व्हर निवर्तले. त्याच वर्षी अमेरिकेने त्यांचे जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले. ज्या मळ्यावर 'कार्व्हरचा जॉर्ज' वाढला, तो मळा आता जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या नावाने ओळखला जातो.

अभ्यास
१. 'कार्व्हरचा जॉर्ज' आणि 'जॉर्ज कार्व्हर' या दोन नावांतील फरक स्पष्ट करा.
२. महाविद्यालयाने नाकारल्यावर जॉर्ज कसा वागला?
३. 'निकस', 'मज्जाव', 'हातखंडा' हे शब्द वाक्यांत योजा.